सूर्याला दिलेला दात

हाज्जा नईमाने दात नळाखाली धरला आणि झग्याच्या टोकाने घासून घासून लख्ख केला. नातीचं तोंड गच्चीवरच्या लोखंडी टाकीवर आपटून तो आत्ताच उडाला होता. आठ वर्षांची रीताज तोंडावर फडकं दाबून मोठमोठ्याने रडत होती.

दोरीवर कपडे वाळत घालणारी धाकटी सून इन्साफ हातातली चादर तशीच टाकून पुढे आली. सहा वर्षं ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. घाबरलेल्या आयांचे फोन आले की ती एकच गोष्ट सांगायची: दात घासू नका, मुळीला हात लावू नका, दुधात टाका आणि अर्ध्या तासात घेऊन या. सासूच्या बोटांत तिला लांब, टोकदार मुळी दिसली. पडणाऱ्या दुधाच्या दाताला अशी मुळी नसते. गेल्या वर्षीच आलेला हा दात जन्मभराचा होता. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता आणि डॉक्टर या वेळी तिथेच असत.

"हाज्जा, घासू नका तो! आधी दुधात टाका. मी हिला घेऊन..."

"दुधात?" आपल्या लेकीचं तोंड पुसता पुसता थोरली जाऊ सनिया वळली. "पाजायला लेकरू नाही, म्हणून आता दाताला दूध पाजतेस होय गं?"

इन्साफच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि या घरात असल्या बोलण्याला निमित्त लागत नसे. हाज्जा खो खो हसली. आजी हसली म्हणून रीताजही रक्ताळलेल्या तोंडाने हसली. पोरीला त्यातलं काही कळलं नव्हतं. रोज दुपारी ती इन्साफच्या कुशीत झोपायची, वेणीसुद्धा तिच्याच हातची लागायची. हे सगळं इन्साफला ठाऊक होतं. तरी सनियाच्या बोलण्यापेक्षा ते हसूच तिला जास्त लागलं.

ती परत दोरीपाशी गेली.

"काय म्हणत होतीस?" हाज्जाने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही."

"लोकांची थुंकी धुते आणि आम्हाला शिकवायला येते," सनिया म्हणाली. "माझ्या चौघांचे दात पडले, चौघांचे आले."

इन्साफने उशीचा अभ्रा झटकला. हा दात पुन्हा यायचा नाही, एवढंच सांगायचं होतं. ते तिने गिळलं आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं या घरात कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

हाज्जाने दात नातीच्या तळहातावर ठेवला.

"सूर्याला दे, बाळ. मोठ्याने माग. नवरीला शोभेलसा दात देईल बघ."

तंटा शहराचं ऊन डोक्यावर तापलं होतं. रीताजने डोळे मिटले, होतं नव्हतं ते बळ लावलं आणि दात फेकला. तो कठड्यावर आपटून मागे आला आणि इन्साफच्या पायाशी थांबला.

"काकू, तू फेक ना! तुझं लांब जातं."

इन्साफ वाकली. वरचा चकचकीत भाग तेवढा चिमटीत धरून तिने दात उचलला, मुळीला बोट लागू दिलं नाही. हाताला सवयच तशी होती. अजून पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. खाली ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. पोरीला कडेवर घेऊन ती निघाली असती, तर कोणी हात धरून थांबवणार नव्हतं.

"खरंच येईल ना गं नवा?"

सनिया कमरेवर हात ठेवून बघत होती. ओठांवर मघाच्या टोमण्याचं हसू अजून होतं.

"येईल," इन्साफ म्हणाली.

तिने हात मागे नेला आणि दात भिरकावला. शेजारच्या कबुतरखान्यावरून तो पार पलीकडे, कुठल्या कुठे गेला.

"शाब्बास!" हाज्जा म्हणाली.

रीताजने काकूच्या कमरेला मिठी मारली. तिच्या तोंडाचं रक्त झग्याला लागलं. इन्साफने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"किती दिवसांनी येईल, काकू?"

"रोज सकाळी आरशात बघत जा. दिसेल."

"आत्ता बघू?"

"बघ की," इन्साफ म्हणाली, आणि पोर टाळ्या वाजवत जिना उतरून आरशाकडे पळाली.