सोमवारचा उपास आणि सकाळची गोळी

मित्रांनो, देवगडच्या सुगंधाकाकूंच्या पोटात, जठराच्या मागे आडवे पडलेले एक जुने स्वादुपिंड आहे, तेच मी. बासष्ट वर्षे राबते आहे, पण काकूंनी कधी माझी साधी चौकशी केली नाही. हृदयाचे मात्र केवढे कौतुक!

काकू जेवल्या की रक्तात साखर चढते. मी इन्सुलिन सोडते, मग पेशी ती साखर आत घेतात. काकू उपाशी राहिल्या की मी ग्लुकॅगॉन सोडते, मग यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्ताला देते. चढू द्यायची नाही, पडू द्यायची नाही. पन्नाशीनंतर पेशी माझे ऐकेनात, मीही थकले. डॉक्टरांनी मला ढोसून कामाला लावणारी गोळी सुरू केली. ती पोटात गेली की जेवण असो वा नसो, मला इन्सुलिन सोडावेच लागते.

श्रावणी सोमवारी काकूंचा कडक उपास. उपासाला माझी हरकत नाही हो! पण सकाळी त्यांनी गोळी घेतलीच.

"आई, पोटात काय नाय आणि गोळी कित्याक?" सून अनुजाने विचारले.

"गोळयेन उपास मोडणा नाय गो. औषध ता!"

दुपारी देवळात प्रदक्षिणा घालताना काकू घामाने भिजल्या. साखर घसरत चालली होती, पण इन्सुलिनच्या पुरात माझे ग्लुकॅगॉन निघेना. शेवटी संकटात धावणारे संप्रेरक, ॲड्रेनलिन, धावले आणि काकूंचे हात थरथरू लागले. शेजारीण यशोदा ओरडली, "गो बायांनू, सुगंधाक अवसर इलो! देव अंगात इलो! हळदकुंकू हाडा!"

बायका चक्क पाया पडू लागल्या. मी आत साखरेसाठी तळमळते आहे आणि बाहेर कपाळाला कुंकू!

अनुजा गर्दीतून घुसली. "अवसर नाय, साखर उतारली हा!" तिने नैवेद्यातला गुळाचा खडा पुढे केला. काकूंनी दात आवळले.

"माझो उपास मोडतलो..."

अनुजाने खडा गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकवला. "आता ह्यो देवाचो प्रसाद. नाय म्हणतल्यात?"

काकूंनी तोंड उघडले.

पाव तासाने थरथर थांबली. यशोदा पुटपुटली, "मगे आमी पाया पडलाव कोणाच्या?"

माझ्या, यशोदाबाई! पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी काकू आपल्या उपासांची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. इतकी वर्षे ती फक्त देवाला ठाऊक होती.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी व्रत धरत असेल, गोळी घेत असेल. त्यांना एवढेच विचारा, "डॉक्टरांना सांगितलंत का?" देव समजून घेतो. गोळीला मात्र सोमवार कळत नाही. मला कळतो, पण मला तोंड नाही.