पायातून हातात गेलेली चप्पल

मी एक जुनी चामड्याची चप्पल आहे. मित्रांनो, माझा जन्म मांचुरियातल्या जपानी छावणीत, एका फाटक्या लष्करी बुटातून झाला. बुटाचा वरचा भाग कापला. तळ आणि टाचेचे खिळे तेवढे राहिले. बराकीत पायाला ऊब द्यावी, एवढेच माझे काम होते. पण माझा मालक मुराओका, चार वर्षे मुरलेला शिपाई, मला पायापेक्षा हातातच जास्त धरी. नव्या रंगरुटांच्या गालांवर मी रोज वाजत असे. जुने शिपाई माझ्या आवाजाची तारीफ करत. म्हणे यालाच शिस्त म्हणतात! मला त्या तारिफेची शिसारी येई, पण चपलेला विचारतो कोण?

रंगरुटांत इनुकाई नावाचा एक विणकर होता. माझ्याच माराने त्याचा डावा कान बहिरा झाला. मग हुकूम नीट ऐकू येईना, म्हणून उशीर होई, आणि उशीर झाला म्हणून पुन्हा मार. एका संध्याकाळी मुराओकाने मला सेकिने नावाच्या दुसऱ्या रंगरुटाकडे दिले आणि इनुकाईच्या उजव्या कानाखाली वाजवायला फर्मावले.

सेकिने पूर्वी एका लॉजवर पाहुण्यांची पादत्राणे सांभाळत असे. त्याने गुडघे टेकले, मला बाहीने पुसले आणि निघणाऱ्या पाहुण्यासमोर ठेवावी तशी, टोक बाहेर करून, मुराओकाच्या अनवाण्या पायापुढे ठेवले.

"हे काय रे?" मुराओकाने विचारले.

"पाय घाला, साहेब. वहाण पायासाठी असते. याचा एकच कान उरलाय, तो मी फोडणार नाही."

"मग तुझा फोडतो."

आणि त्याने फोडला, माझ्याच खिळ्यांनी. त्या पापात मी होते, हे मी नाकारत नाही. मार खाल्ल्यावर मारणाऱ्याचे आभार मानायचे, असा तिथला निर्लज्ज रिवाज होता. सेकिनेच्या तोंडात रक्त होते. तो ताठ उभा राहिला, पण एक शब्द बोलला नाही. तेव्हा इनुकाई रांगेतून पुढे आला. मुराओकाकडे पाठ करून तो सेकिनेपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी दोघांनाही कोठडीत नेले. पुढे त्यांचे काय झाले, मला कळले नाही.

आता छावणी ओस पडली आहे आणि मला उंदीर कुरतडतात. त्याचे मला दुःख नाही. मला जपा, असेही मी म्हणत नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू हातात देऊन कोणी 'मार' म्हणाले, तर ती खाली ठेवा. मला त्या हातातून सुटता आले नाही. तुम्हाला आपला हात उघडता येतो.