अडवलेला कोश

मासळीला किडा लागू नये म्हणून समुद्राकाठचं अख्खं नवापूर जिवाचा आटापिटा करतं, आणि त्याच नवापुरात नामदेवाच्या घरी किडे पाळायचे! हसू नका, अगदी हौसेनं पाळायचे. काचेच्या बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, आत ताजा पाला आणि पाल्यावर कुणीतरी खादाड सुरवंट. नामदेव होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं जुना कॅमेरा विकत घेतला आणि पहिला फोटो काढला तो बायकोचा नाही, खंडोबाच्या किड्याचा. चंद्रकांता आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. नवव्या दिवशी मात्र त्याच किड्यासाठी माश्या पकडताना ती सापडली, आणि मग तीही त्यातलीच झाली.

पुढे दर्पण झाला, आणि घरात एक नेम पडला. कोशातून कुणी बाहेर यायचं असलं की तिघांनी बरणीपाशी बसायचं. चंद्रकांतानं बॅटरी धरायची, नामदेवानं फोटो काढायचा, दर्पणनं वहीत वेळ लिहायची. पंख सुकेपर्यंत चूल बंद. एकदा दर्पणची दहावीची परीक्षा आणि कोश उमलायची वेळ एकत्रच आली, तर नामदेवानं कोश डब्यात घालून चक्क फ्रीजमध्ये ठेवला. थंडीत आतला जीव थबकतो म्हणे. चौथ्या दिवशी शेवटचा पेपर झाल्यावर डबा बाहेर काढला, आणि दुसऱ्या सकाळी तिघांच्या देखत पाखरू बाहेर पडलं. "पन ध्यानात ठेवा," नामदेव म्हणाला होता, "आठ-धा दिवस, बस. त्याच्यावर अडवायचं नाय कोनाला."

नामदेवाला जाऊन आता दोन वर्षं झाली. दर्पण मालवाहू जहाजावर फिटर आहे. बाप गेला तेव्हा तो कुठल्याशा समुद्रात होता, घरी पोचला तो थेट दहाव्याला. त्यानंतर एकदाच येऊन गेला, तोही भर उन्हाळ्यात, बरण्या रिकाम्या असताना. चंद्रकांता फोनवर त्याला कधी 'ये' म्हणाली नाही. "माजी काळजी नको करू. काम सांबाळ," एवढंच ठरलेलं. फोन ठेवला की मात्र बाई उगाच ओट्यापाशी उभी राहायची, हातातलं काम विसरून.

यंदा श्रावणात घरामागच्या सीताफळीवर तिला सापतोंडीचा सुरवंट मिळाला. सापतोंडी हे त्यांचं घरातलं नाव. पुस्तकात त्याला अ‍ॅटलास पतंग म्हणतात. हाताच्या पंजाहून मोठा, पंखांच्या टोकांशी सापाचं तोंड काढल्यासारखी नक्षी. नामदेवानं उभ्या जन्मात त्याचे तीनच फोटो काढले, तेही दुसऱ्याच्या वाडीत, लांबून. घरात एकही उमलला नव्हता. चंद्रकांतानं दिवसातून दोनदा पाला बदलून त्या सुरवंटाला बोटाएवढा जाड केला. भाद्रपदात त्यानं पानं गुंडाळून कोश केला, तशी तिनं दर्पणला फोन लावला.

"आये, फ्रीजमधे ठेव!" तो ओरडलाच. "मी पंधरा तारखेला उतरतोय. आपन दोगं बगू. बाबांचा कॅमेरा काढून ठेव."

आपण दोघं! त्या दोन शब्दांवर चंद्रकांता आठवडाभर हवेत होती. तिनं भाजीच्या कप्प्यातून भाजी हद्दपार केली आणि तिथं डबा ठेवला, झाकणाला भोकं पाडून. वरच्या कप्प्यात पापलेटं, खाली कोश. शेजारची जाऊ रखमा बर्फ मागायला आली आणि बघतच राहिली.

"चंद्रे, ह्यो काय कालवन करायचा हाय का?"

"दर्पण येतोय वयनी. त्याच्यासाठी ठेवलाय."

"लोकं पोरासाठी लाडू ठेवतात गो बाय!"

पंधरा तारीख आली. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला, म्हणून दर्पणला उतरता आलं नाही. बावीसला नक्की म्हणाला. चंद्रकांतानं बोटांवर दिवस मोजले, दहा कधीच उलटून गेले होते. तिला का ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण एवढं अडवलं तसं आणखी आठवडाभर, म्हणून तिनं कप्पा बंद केला.

एकवीसला संध्याकाळी तिनं कोश बाहेर काढला, उद्या पोरगा येणार म्हणून. तासाभरानं खोलीची ऊब लागली आणि आतून आवाज आला. खर्र, खर्र. वाळक्या पानावर नख ओढावं तसा. चंद्रकांताचं काळीज लख्ख झालं. तिनं कोश कानाशी धरला आणि एकटीच हसली. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"आये, बंदरात जागाच नाय जहाजाला. अजून चार-पाच दिवस बाहेरच उभे रावनार आमी. तू कोश काढला नाय ना?"

हातातला कोश हलत होता.

"नाय," ती म्हणाली. "आतच हाय."

फोन झाला. आतला जीव दार ठोठावत होता, आणि बाहेर ती त्याच्या जिवावर पोराची वाट बघत होती. नामदेव असता तर त्यानं हातातून ओढून घेतला असता. तो नव्हता. तिनं डोळे पुसले, कोश डब्यात घातला आणि डबा पुन्हा थंडीत ठेवला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

चार-पाच दिवसांचे बारा झाले. मग आवाजात चोरटेपणा आणून दर्पण म्हणाला, कंपनी आणखी एक फेरी करायला सांगतेय, डिसेंबरचं बघू. चंद्रकांता सवयीनं म्हणाली, "बरं, काम सांबाळ." फोन ठेवला, तडक उठली आणि डबा काढून मागच्या पडवीत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सापतोंडी बाहेर पडली. मादी होती. अंगानं लठ्ठ, तांबूस, लोकरीसारखी मऊ. डब्याच्या काठाला धरून लटकली, आणि चंद्रकांता नामदेवाचा कॅमेरा गळ्यात घालून वाट बघत बसली. आता पंख भरतील, आता उलगडतील. अकरा वाजले, बारा वाजले. पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेलेच राहिले आणि तसेच वाळले. आतलं पाणी थंडीनं शोषून घेतलं होतं. चंद्रकांतानं एकही फोटो काढला नाही.

"मी मारलं गो तुला," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडली. रखमा वलांडीवर वाळत घालायचे बोंबील टाकून धावत आली, तिनं पाहिलं, आणि आज पहिल्यांदाच काही थट्टा न करता शेजारी बसून राहिली.

सापतोंडीला तोंडच नसतं. पाणी नाही, अन्न नाही, जन्माचे दिवस सगळे मिळून आठ. ती उडणार नव्हती, म्हणून चंद्रकांतानं डबा उघडाच ठेवला आणि पाली येऊ नयेत म्हणून तो दोरीनं सीताफळीच्या फांदीला टांगला. मादीला हात लावून बघायचाही धीर तिच्यात उरला नव्हता.

दुसऱ्या सकाळी ती पाणी घेऊन मागे गेली आणि तांब्या हातातच राहिला. डब्याच्या काठावर दोघं होती! मादीच्या खाली एक नर लटकला होता, अंगानं बारीक, पिसांसारख्या रुंद मिशांचा, पंख असे अखंड आणि पसरलेले की डबाच दिसेना. ही एक सीताफळी सोडली तर गावात ह्यांची झाडं नाहीत, आणि दुसरं कुणी पाळतही नाही. शेजारच्या पाम गावच्या वाड्यांतून आला असेल, नाहीतर त्याही पलीकडून, समुद्राच्या वाऱ्याशी भांडत. तिचा वास घेत घेत आला, तिचे पंख कसे आहेत ते न विचारता.

"आलास रे बाबा!" चंद्रकांता म्हणाली आणि तांब्यातलं निम्मं पाणी पायावर सांडलं.

मग मात्र तिनं फोटो काढले, कॅमेऱ्यानं नऊ आणि मोबाइलनं दोन. मोबाइलवरचे दर्पणला धाडले. पाचव्या मिनिटाला फोन आला.

"आये! नर कुठून आला? आनि हिचे पंख... आये, हिला काय झालं?"

"मी केलं. म्हयनाभर फ्रीजमधे डांबली. आतनं हाका मारत होती, तरी परत घातली. तू येशील म्हनून."

पलीकडे इंजिनाची घरघर लांब गेली, तो डेकवर आला असावा.

"मीच सांगितलं होतं ठेवायला," तो हळूच म्हणाला. "तू मला बोलली का नाय? मी सांगितलं असतं, काढ म्हनून."

"म्हनूनच नाय बोलली."

"आये..."

"आइक. हिला उडता येत नाय, म्हनून त्याला यावं लागलं. मला तरी कुटं उडता येतंय, दर्पण? डिसेंबर नको. काम सांबाळ असं मी आता म्हननार नाय. तू ये."

 चंद्रकांतानं या वेळी फोन ठेवला नाही. कानाशी धरून ती सीताफळीखाली उभी राहिली, आणि तो रडतोय हे कळल्यावरही 'ये' हा शब्द तिनं मागे घेतला नाही.