अख्खा वर्ग उठायचा

किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या शाळेत एका वर्गाची एक खोडच होती. वर्गशिक्षिका तुर्सुनाय एजेंनी, म्हणजे तिकडच्या बोलीत तुर्सुनाय ताईंनी, "कुणाचं काम हे?" म्हटलं, की अख्खा वर्ग उभा राहायचा. सहावीत खिडकीची काच फुटली तेव्हा अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं उठली आणि आठवडाभर मिळून अंगणातला बर्फ उपसत बसली. असा वर्ग साऱ्या मुलखात नाही, असं त्यातल्याच जिबेकला तेव्हा वाटायचं.

मग पोरं वाढली. नववीत कुणाकडे कुठला फोन आहे याला भाव आला, दहावीत कोण कुठे शिकायला जाणार याला. एकमेकांपासून वह्यासुद्धा लपवायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं, आपसूकच झालं सगळं.

अकरावीत, म्हणजे तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, एकदा मधल्या सुट्टीत जिबेकने नाचाचा व्हिडिओ पडद्यावर बघायचा म्हणून प्रोजेक्टर ओढला, आणि तो धाडकन खाली आला. राजधानी बिश्केकच्या वैद्यकीय कॉलेजसाठी शाळा दोनच नावं पाठवणार होती, एक तिचं आणि एक एलदियारचं.

"कुणाचं काम हे?" एजेंनी विचारलं.

साऱ्यांच्या माना खाली. पहिल्या बाकावरून एलदियार तेवढा उठला, जुन्या सवयीने. मागे कुणीच हलेना, तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"तू? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, बाळा."

त्याची नजर जिबेकवर थांबली. तो बोलला नाही, आणि खाली बसलाही नाही.

कॉलेजच्या यादीतून त्याचं नाव कापलं गेलं. उद्या सांगते, उद्या सांगते करत जिबेकने यादी जाऊ दिली. धीरच झाला नाही तिला.

जूनमध्ये ती त्याच्या घरी गेली. तो अंगणात मेंढी कातरत होता.

"एलदियार, प्रोजेक्टर मी पाडला होता."

"ठाऊक आहे. तुझा हात सोललेला दिसला होता मला."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तू बोलशील."

"एजेंना अजून सांगता येईल," ती म्हणाली. "यादी बदलून घेतील त्या."

त्याने कातर खाली ठेवली. "खरंच सांगशील?"

जिबेकच्या पिशवीत प्रवेशाचं पत्र होतं. तिने पिशवी पोटाशी धरली. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि मेंढी पुन्हा पायांत धरली.

आज ती डॉक्टर आहे. वर्गात ती भीतीने बसून राहिली, ते तिने स्वतःला केव्हाच माफ केलंय. त्या अंगणात मात्र ती विचार करून गप्प राहिली, आणि त्याची लाज अजून जात नाही.