डबल बासला शेजार हवा

मी एक जुना डबल बास आहे. मित्रांनो, मला पाहणारा प्रत्येक जण आधी विचारतो, 'हा दारातून आत आला तरी कसा?' मी वाजतो कसा, हे विचारणारे थोडे. व्हायोलिन तुम्ही पाहिले असेलच. तेच वाद्य वाढत वाढत उंच माणसाएवढे झाले आणि त्याचा आवाज घोगरा झाला, तर जे दिसेल तो मी.

ज्या वाद्यकाराने मला घडवले, तो फळीवर बोटाचे पेर आपटून कान लावी, रंधा फिरवी, पुन्हा कान लावी. अंगावर चारही तारा चढल्या तेव्हा त्याने सर्वांत जाड तार छेडली आणि आपला तळहात माझ्या छातीवर ठेवला. माझा आवाज कानांच्या आधी तळहाताला कळतो, हे मला त्या दिवशी समजले.

पुढे मी एका हॉटेलच्या नृत्यगृहात बरीच वर्षे वाजलो. मला वाजवणाऱ्या गृहस्थांना आपण मामा म्हणू, कारण नंतर मी त्यांच्या भाचीकडे आलो. टाळ्या गाणाऱ्या बाईंना मिळत. मला त्याचे वाईट वाटत नसे. नाचणाऱ्यांचे डोळे बाईंकडे असत, पण पावले माझे ऐकत. एकदा मामांना शिंक आली, माझा ठोका चुकला आणि दालनातल्या साऱ्या जोड्या अडखळल्या. मामा माझ्या कानाशी हसून पुटपुटले, "बघ रे, आपण थांबलो की मगच लोकांना कळतं, आपण होतो ते."

मग हॉटेलात यंत्रावरचे संगीत आले आणि मामांची बोटेही आखडली. मी एका लहान गावात, भाचीच्या घरी, कपाटाशेजारी उभा राहिलो. ही भाची चणीने इतकी लहान की घरात तिला मुंगी म्हणत. "मुंगीनं साखरेचं पोतं ओढायला घेतलंय," असे तिचा नवरा म्हणे. तो बेकरीत पाव भाजत असे. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून परत आली की मला कवेत घेई आणि मोबाइलवर गाणे लावून त्याच्या मागोमाग वाजवी. त्या गावात आमच्याबरोबर वाजवणारे कुणीच नव्हते. हळूहळू तिचे वाजवायला बसणे कमी झाले. माझ्या मानेवर ओला कोट लटकू लागला. खिडकीच्या उन्हाने माझ्या फळ्यांची एक शिवण उकलली, तेही बरेच दिवस कुणाच्या ध्यानात आले नाही.

एका खानावळीच्या मालकाने मला मागितले. त्याला मी दाराशी शोभेसाठी हवा होतो. "फुलदाणीशेजारी झकास दिसेल," तो म्हणाला. मुंगी खाली पाहत राहिली. तो गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "बरोबर वाजवायला कुणी मिळत नसेल, तर देऊन टाकते. निदान लोक बघतील तरी त्याला."

नवऱ्याने आधी माझी शिवण डिंकाने चिकटवून आणली. मग म्हणाला, "चष्मा आणि पाव कुठल्याही गावाला लागतातच. आपण गाव बदलू."

महानगराचा विचार लगेच मागे पडला. तिथे परवडणाऱ्या खोलीत, नवऱ्याच्या मते, एक तर तो मावला असता नाही तर मी. म्हणून त्यांनी मध्यम शहरे पाहायचे ठरवले. पहिल्या शहरात ती दोघे मला न घेताच गेली. परतली ती हरखून. गल्लोगल्ली सभागृहे, भिंतीभिंतीवर कार्यक्रमांची पत्रके! मुंगीने तिथली खोली जवळजवळ ठरवलीच होती.

"तुला तिथे कुणी विचारलं का, तू काय वाजवतेस ते?" नवऱ्याने विचारले.

तिने नकारार्थी मान हलवत हातातले पत्रक दुमडले.

"ऐकायला जागा पुष्कळ आहेत गं. तुला बसायला कुठे आहे?"

दुसऱ्या शहराला मी बेकरीच्या गाडीत आडवा होऊन गेलो, अंगभर पिठाचा वास घेऊन. तिथले वादक फार सभ्य होते. माझ्यासोबत त्यांनी फोटो काढले. बासचे काम मात्र त्यांच्याकडे यंत्रच करीत होते. परतताना मुंगी खिडकीबाहेर पाहत होती आणि मला खानावळीला देऊन टाकण्याचा विचार तिच्या मनात पुन्हा येतोय, हे मला जाणवत होते.

तिसऱ्या शहराचे नाव संगीतासाठी कुणी घेत नसे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे दर गुरुवारी काही हौशी वादक जमत. नवरा-बायकोने मला दोन्ही टोकांना धरून जिन्याने वर नेले. आत पियानोपाशी एक मावशी होत्या, क्लॅरिनेट घेतलेला बसचालक होता आणि व्हायोलिन सुरात लावणारा एक नळदुरुस्तीवाला. मुंगीने मला उभे केले. सगळे शांत झाले, आणि शांतच राहिले.

मुंगी वाट पाहत होती. इतकी वर्षे मोबाइलमागे वाजवून तिला ठाऊकच नव्हते, की कुणी आपलीही वाट पाहते. तिकडे त्यांची रीत अशी, की सर्वांत खालचा स्वर आधी निघायचा आणि तो नीट ऐकू आला की मगच इतरांनी यायचे.

शेवटी बसचालक म्हणाला, "ताई, इंजिन तुमच्याकडे आहे. आम्ही कधीचे तिकीट काढून बसलोय."

मुंगीचे कान लाल झाले. तिने तार छेडली. लय फारच संथ पडली. पण मित्रांनो, त्या तिघांनी ती ओढून पुढे नेली नाही. ते त्याच संथ लयीत, एकामागून एक, आमच्या शेजारी येऊन बसले. ती चुकली तेव्हा ते थांबले, ती निघाली तेव्हा निघाले. मावशींनी डावा हात पियानोवरून उचलून मांडीवर ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "या हाताला आजवर तुझंच, खालच्या स्वरांचं काम करावं लागलं बघ. पुढच्या गुरुवारी येशील ना?"

"आम्ही... आम्ही इथे राहत नाही," मुंगी म्हणाली.

"पलीकडच्या बेकरीत माणूस हवाय," दारातून नवरा म्हणाला. गाणे चालू असताना तो कधी उठून विचारून आला, ते आम्हा कुणालाच कळले नव्हते.

मुंगीने तोंड माझ्या खांद्यामागे लपवले. ती हसत होती की रडत होती, ते माझ्या लाकडाला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल तर त्याला उन्हापासून जपा, त्याच्या तारा पुसा, उकललेली शिवण वेळीच सांधा. मात्र एवढे करून त्याला पुन्हा कोपऱ्यात ठेवू नका. कुणाचे तरी दार वाजवा आणि विचारा, 'आम्ही तुमच्यात बसू का?' लाजाळू माणसाला हे विचारणे माझ्यापेक्षाही जड वाटते, हे मी फार जवळून पाहिले आहे. म्हणून जाताना दुसऱ्या टोकाला हात लावणारे कुणीतरी सोबत न्या.