पाच दारांची बाग

अक्काची बाग गेमच्या कन्सोलमध्ये होती, आणि तिथवर पोचायला पाच दारं उघडावी लागत.

कन्सोल जुना, भाचीने खोलून, आतून बदल करून दिलेला. बागेचा खेळही भाचीनेच लिहिलेला, खास आत्यासाठी. कंपनीचा नव्हता, म्हणून कंपनीच्या खेळांच्या रांगेत, पहिल्या पडद्यावर, त्याला जागा नव्हती. मेनू, त्यात आणखी मेनू, मग एक फोल्डर, फोल्डरातली यादी, आणि यादीच्या पार तळाशी बाग. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणसांना माणसं जोडून देणारी अक्काची बोटं आता आखडली होती. बागेत एका बटणावर भागायचं, पण दारं उघडायला रोज कुणाला तरी हाक मारावी लागे. ती हाक तिला जड जायची. हसत हसत गुणगुणायची मात्र:

दारामागं दार, दारं झाली पाच,
बागेत पोचेपर्यंत उन्हाची गेली आच.

धाकट्या भावाला ते हसू बरोबर कळायचं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा; घरीदारी सगळे त्याला पेंटरच म्हणत. त्यानेच आपल्या लेकीच्या, म्हणजे त्याच भाचीच्या, मागे लागून ठरवलं होतं, की पहिल्या पडद्यावर बागेचा शॉर्टकट बसवायचा. एक चौकोन, एकदा दाबला की थेट बागेत. चौकोनावरचं चित्र पेंटरचं. अक्काची एकच अट होती: तीन वर्षं वाढवलेल्या झाडांना धक्का लागता कामा नये. लिंबाला यंदा पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

रविवारी सकाळी लेक आली. ती दुरुस्तीच्या दुकानात कामाला, घाई तिच्या अंगातच नव्हती. आधी कन्सोलची अख्खी मेमरी उतरवून घेतली, ती आपल्या कॉम्प्युटरवरही ठेवली, मग एका सुट्या मेमरी कार्डावर तिची जुळी मेमरी तयार करून कन्सोल तिच्यावर चालवला. पाऊण तास गेला. पाटी लिहायच्या आधी ही पोरगी दुसरी भिंत बांधतेय, असं पेंटर पुटपुटला. तुम्ही तरी खडूने आखल्याशिवाय ब्रश टेकवता का, असं तिने मान वर न करता विचारलं. अक्का गालात हसली.

मग लेकीने त्या जुळ्या मेमरीत शॉर्टकट बसवला आणि कन्सोल बंद करून चालू केला.

पडदा काळा. मिनिट झालं, दोन झाली. मेनू येईना.

अक्काचे हात मांडीवर घट्ट मिटले. काय झालंय ते त्या खोलीत फक्त पेंटरलाच माहीत होतं. लेकीने त्याचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करून आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. रस्त्यापलीकडून वाचता येत नाही ती पाटीच नव्हे, हा त्याचा जन्माचा नेम. ती कन्सोलमध्ये गुंतलेली असताना त्याने गुपचूप ते तिकीट काढून तिथे त्याच नावाने मूळ चित्र ठेवलं होतं, चांगलं ऐसपैस.

"मीच बदललं," तो म्हणाला. "मोठं केलं. अक्का, मी तुझी बाग बुडवली गं."

लेकीने डोक्याला हात लावला. "बाबा, एवढं चित्र कन्सोलच्या घशाखाली उतरत नाही. मेनूच अडकतो." मग तिने कार्ड काढलं आणि कन्सोल त्याच्या मूळ मेमरीवर चालू केला. पाच दारं उघडली. लिंबाचं झाड होतं तिथेच उभं, कळ्यांसकट.

अक्काने श्वास सोडला. "बुडवायलाही अक्कल लागते रे," ती म्हणाली. "बस आता, बारीक काम कर."

पेंटर बसला. चष्म्यावर भिंग धरून, सगळ्यात बारीक ब्रशने त्याने तिकिटाएवढ्या कागदावर एकच पान आणि एकच लिंबू काढलं. उभ्या आयुष्यात इतकं लहान काही त्याने काढलं नव्हतं. ब्रश घसरला तिथे पानाला शीर पडली, ती शोभूनच दिसली. लेकीने त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर माप तपासलं. जुळ्या मेमरीत बसवून तीनदा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा मेनू आला. मगच खऱ्या मेमरीला हात लावला.

अक्काने अंगठ्याने लिंबू दाबलं. बाग उघडली. ती झाडांना पाणी घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची हाक आली. पेंटर ब्रश तसाच हातात घेऊन धावला. पुन्हा काळा पडदा दिसणार, या भीतीने.

"दारं उघडायला नाही बोलावलं," अक्का म्हणाली. "लिंबू लागलंय. बस इथे, बघ."