कुशीवरची वस्ती

"किल्ली माझ्याकडे द्या. मी आहेच इथे," ती म्हणाली, आणि सगळ्या खाटा एकदम गप्प झाल्या.

वैद्यबुवा औषधांचं कपाट बंद करून उभे होते. पलीकडच्या गावात ताप पसरला होता आणि त्यांना दिवसभर तिकडे जायचं होतं. त्यांनी किल्ली हातात घोळवली, तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"तुला कशाला आणखी व्याप? आधीच काय कमी काम पडतं?" असं म्हणून त्यांनी किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातात ठेवली. मावशींना खोकल्याचं औषध कुठलं आणि जखम धुवायचं कुठलं, हे सांगता आलं नसतं. पण मावशींच्या घराण्यावर कुणाचा संशय नव्हता.

ती फडकं पिळून कोपऱ्यातल्या खाटेकडे वळली. या दवाखान्यात परिचर्या करता करता तिचे केस पिकायला लागले होते. तोंडावर तिला सगळे ताई म्हणायचे. पाठ फिरली की दारवाली.

वस्तीच्या डोक्यावर जी टेकडी होती, तिच्यावर एके काळी राजधानी होती. टेकडी म्हणायची एवढंच. खरं तर तो एक झोपलेला प्राणी होता. तो कधीपासून झोपलाय, त्याचं डोकं कुठल्या अंगाला आहे, हे राजधानी बांधणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पाठ रुंद होती, ऊबदार होती, माती कसदार होती. पहिल्या राजाने पाया घातला, पुढच्यांनी मजल्यावर मजले चढवले. शत्रू फिरकत नसत. त्या धुडावर चाल करून जायची कुणाची छाती होती? राजधानीत एकच कायदा कडक होता, आवाज करायचा नाही. गाड्यांच्या चाकांना कातडं, घंटांच्या लोळ्यांना कापड. आणि दिवस मावळल्यावर थोरला दरवाजा उघडायचा नाही, कारण त्याच्या बिजागऱ्या जनावर हंबरावं तशा ओरडायच्या.

एका संध्याकाळी दरवाजावरच्या बाईने तो उघडला. त्याच रात्री प्राण्याने कूस बदलली आणि राजधानी पाठीवरून घरंगळून गेली.

वाचलेल्यांनी पायथ्याशी, प्राण्याच्या कुशीला घरं बांधली. झरे तिथेच होते आणि एकदा कूस बदललेला पुन्हा कशाला हलतोय, अशी सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दारवालीला त्यांनी हाकलून दिलं नाही. डोळ्यांसमोर असलेली बरी, म्हणाले. तेव्हापासून पिढ्यांमागून पिढ्या तिच्या घराण्यातल्या कुणाच्या हाती किल्ली, कोठार किंवा पहारा जात नसे. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लहान पोरालाही माहीत होतं.

दुपारी खोदकामवाल्या बाई हाताला आलेले फोड दाखवायला आल्या. या बाई लांबच्या विद्यापीठातून माणसं घेऊन आल्या होत्या. राजधानीचे अवशेष उकरायचे म्हणून त्यांनी नदीपलीकडे तंबू ठोकले होते. वस्तीला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या.

"तुम्ही त्या दरवाजाच्या घराण्यातल्या ना?" बाईंनी विचारलं.

पट्टी बांधता बांधता तिचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"सगळेच. मी विचारलंसुद्धा नव्हतं."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"तो दरवाजा सापडलाय," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुम्ही एकदा येऊन बघा."

"मीच का?"

"आधी तुम्ही बघावं असं वाटलं."

हिला काय हवंय, तिच्या मनात आलं. उगाच कोण कुणाला आधी दाखवतं? पण हिचे डोळे लबाड नव्हते. की ते तसे नसणं हीच गोम होती?

ती घरी जेवायला गेली तेव्हा बाबा ओट्यावर बसून कुणाच्या तरी अंगरख्याला अस्तर लावत होते. बाबा शिंपी होते. लोक कपडे त्यांच्याकडूनच शिवून घेत, पण माप द्यायला ओट्यापर्यंतच येत. घरात बोलावलं तर त्यांना नेमकी घाई असे.

"जाऊ नकोस," बाबा सुई न थांबवता म्हणाले. "आपल्यापैकी कुणी त्या दाराजवळ दिसलं की संपलंच. उद्या कुणाची गाय आटली तरी आपलं नाव घेतील."

"तुम्हाला नाही वाटत बघावंसं?"

"वाटतं ना. म्हणूनच सांगतोय." मग दोरा तोडून ते म्हणाले, "ऊन आहे, जाशील तेव्हा डोक्यावर काहीतरी घे."

वर, न घसरलेल्या काठाला, दरवाजा जमिनीत आडवा पडला होता. पण मोडलेला नव्हता. अडसर नीट बाहेर ओढून बाजूला ठेवलेला होता, कुणी घाई न करता ठेवावा तसा. म्हणजे खरंच होतं. दार आतून उघडलं होतं. लहानपणापासून तिने मनाच्या कोपऱ्यात जपलेलं 'कदाचित तिने उघडलं नसेल' तिथल्या तिथे विझलं.

"हे दाखवायला बोलावलंत?" तिने विचारलं.

"नाही. हे बघा." बाईंनी दरवाजापुढच्या मातीवरचं ताडपत्रीचं झाकण सरकवलं. खाली पावलं होती, वाळून दगड झालेली. मोठी, छोटी, अनवाणी, वहाणांची. गाड्यांच्या चाकोऱ्या, गुरांचे खूर. सगळी बाहेरच्या दिशेला. "ही माणसं पळत नव्हती, चालत होती. आणि पडझडीची धूळ या पावलांच्या वर बसलीये. म्हणजे दार उघडलं, माणसं गेली आणि मग तो हलला."

"म्हणजे ते म्हणतात तेच. तिने दार उघडलं म्हणून तो जागा झाला."

"किंवा तिला आधीच काहीतरी कळलं होतं."

"काय?"

"ते मातीत उरत नाही," बाई म्हणाल्या.

टेकडी उतरताना वाटेत वस्तीचे प्रमुख उभे होते. त्यांची आई दवाखान्यात तिच्याच देखरेखीखाली होती, एक अंग लुळं पडलेली. रोज संध्याकाळी ते विचारपूस करायला येत.

"वर काय काम काढलंत, ताई?"

"बाईंनी बोलावलं होतं."

"हं," प्रमुख म्हणाले. त्यांनी तिच्या पायांना लागलेल्या मातीकडे बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रमुखांच्या म्हाताऱ्या आईचं तोंड पुसायला बसली. तांब्याच्या घंगाळात फडकं बुडवलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळेना. तिने फडकं बाहेर काढलं. थोड्या वेळाने पाणी स्थिरावलं आणि त्यात छताचं आढं स्पष्ट दिसलं, गाठींसकट.

त्या वस्तीत साठवलेलं पाणी कधी स्वस्थ नसे. खाली प्राणी श्वास घ्यायचा आणि प्रत्येक घागरीत, प्रत्येक पेल्यात एक मंद लाट यायची नि जायची. जन्मापासून पाहिलेली, त्यामुळे कुणाला दिसत नसलेली. आज पाणी आरशासारखं होतं.

ती उठून हौदापाशी गेली. तिथेही तेच. तिने इतकी झोपलेली माणसं पाहिली होती की त्यांचे श्वास तिच्या कानांत बसले होते. अवघडलेला माणूस कूस बदलण्याआधी श्वास आत ओढतो आणि धरून ठेवतो. एवढंसं माणूस क्षणभर धरतं. एवढा मोठा प्राणी किती वेळ धरेल?

तिला भीती वाटली, पण नुसती प्राण्याची नाही. बोलावं आणि काहीच झालं नाही, तर खोटारडी. बोलावं आणि झालं, तर हिनेच केलं. दरवाजावरची ती बाई अडसराला हात घालून कशी उभी राहिली असेल, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"वैद्यबुवा, पाणी बघा."

त्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "काल तू वर गेली होतीस ना?"

"गेले होते. रुग्णांना हलवायला हवं. सगळ्यांनाच."

"काय केलंस तू तिथे?"

ती घराकडे धावली. वाटेत दिसेल त्याला सांगत गेली. कुणी दार लावून घेतलं, कुणी हसलं, एका बाईने तर पोराला पदराआड ओढलं. बाबा ओट्यावरच होते. तिने सांगितलं. बाबांनी शेजारच्या तांब्यात डोकावून पाहिलं.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "तू जा."

"तुम्ही उठा आधी."

"मी नाही येत. आपण दोघंही बाहेर पडलो तर म्हणतील, ठरवून केलं. मी इथे सगळ्यांना दिसेन असा बसतो. निदान ते तरी म्हणता येणार नाही."

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? काहीही म्हणू देत!"

"तुझ्या खाटांवर माणसं आहेत. त्यांना उठता येत नाही. मला येतं. वाटलं तर येईन मी." आणि त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. तिने दंडाला धरून ओढलं, तर त्यांनी हात सोडवून घेतला. रागावून नाही. लहानपणी शाळेच्या फाटकाशी सोडवायचे तसा.

ती परत दवाखान्यात आली. वैद्यबुवा रुग्णांना उठवत होते की उठवू नये या विचारात होते, समजत नव्हतं. तिने सरपणाची हातगाडी दारात ओढली, गादी टाकली आणि प्रमुखांच्या आईला उचलून तिच्यात निजवलं.

म्हातारीला अर्धांगानंतर एकच शब्द येत असे, 'नको'. पेज दिली की 'नको' म्हणायची आणि सगळी संपवायची. आताही तिने "नको, नको" सुरू केलं, चांगलं खणखणीत.

ती गाडी घेऊन मागच्या वाटेने गेली नाही. मधल्या रस्त्याने गेली. चौकातून, प्रमुखांच्या घरावरून.

"अरे, आईला कुठे नेतेय ही?" प्रमुख ओरडत बाहेर आले. "थांबवा तिला! त्या खोदकामवालीकडे चाललीये!"

ती पळायला लागली. गाडी खडखडत होती, म्हातारी जिवाच्या आकांताने नको-नको करत होती. मागे प्रमुख, त्यांच्यामागे त्यांचे भाऊ, मग शेजारी, मग बघे, मग बघ्यांची बायकापोरं. दवाखान्यातली माणसं, कुणी पाठुंगळीला, कुणी वैद्यबुवांच्या खांद्यांवर हात टाकून, निघाली. कुणी काठ्या घेतल्या होत्या, कुणी दगड. तिच्या शब्दावर ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, ते सगळे तिला धरायला वस्तीबाहेर पडले. धापा टाकत तिने एकदा मागे वळून पाहिलं. गर्दीत बाबांना शोधलं. ते नव्हते.

नदीच्या उथळ पाण्यात गाडीचं चाक रुतलं, तिथे त्यांनी तिला गाठलं. प्रमुखांनी तिच्या हाताला हिसडा दिला. "बोल! काय डाव आहे तुझा?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही. टेकडीने श्वास सोडला. गरम, कुबट वारा सगळ्यांच्या तोंडावर आला आणि मग पाठ वर उचलली गेली, राजधानीच्या उरल्यासुरल्या भिंतींसकट, आणि सावकाश, अगदी सावकाश, वस्तीवर कलली. आवाज नंतर आला.  म्हातारीचं 'नको' तिथेच थांबलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत नदीपलीकडच्या तंबूंमध्ये कुजबुज सुरू झाली होती. ती वर गेली आणि लगेच झालं. कधी जायचं हे तिला बरोबर कसं माहीत होतं? खोदकामवाल्या बाई पाण्याबद्दल सांगत फिरत होत्या. लोक ऐकून घेत आणि मान हलवत. पाणी कुणी पाहिलं होतं? ज्यांनी पाहिलं होतं ते वैद्यबुवा खाली बघून पट्ट्या गुंडाळत राहत.

ती रोज सकाळी रुग्णांचं आवरून फावडं घेऊन ढिगाऱ्याकडे जायची. त्या दिवशी प्रमुख तिच्यामागोमाग आले. हा कशाला आलाय, तिने मनात म्हटलं. काय सापडेल असं वाटतंय याला? प्रमुखांनी कुदळ उचलली आणि तिच्या शेजारी खणायला लागले. ऊन चढलं, उतरलं. 

"नीट सांगितलं असतंस," शेवटी प्रमुख म्हणाले, "तर आलोच असतो आम्ही."

"सांगितलं होतं."

त्यांची कुदळ थांबली. मग ते पुन्हा खणू लागले, आधीपेक्षा हळू, हाताने माती सारत.

बाबा ओट्यावर भिंतीला टेकूनच सापडले, तोंड रस्त्याकडे. बोटात शिवणाचं लोखंडी अंगुस्तान तसंच होतं. प्रमुखांनी ते पाहिलं आणि मान वळवली. नंतर अंगावरची शाल काढून त्यांनी बाबांवर पांघरली. 

खालून माणसांचे आवाज येऊ लागले, मदतीला कुणी चढून येत होतं. ते ऐकून प्रमुख उठले, हात झाडले आणि तिच्यापासून चार हात लांब जाऊन उभे राहिले.

तिने पाहिलं, पण वर मान केली नाही. शाल एका बाजूने आखूड पडत होती. खाटेवरच्या रुग्णाची सारखी करावी तशी तिने ती ओढून सारखी केली, कडा आत खोचल्या, आणि माणसं पोचेपर्यंत तिथेच बसून राहिली.